पांढऱ्या टेपचे चार वेढे

करंटकाकांनी गाड्यांच्या वायरिंगचं काम सोडलं त्याला दोन वर्षं झाली होती, तरी गल्लीत कुणाची गाडी सुरू होईना झाली की बॅटरीच्या आधी त्यांचीच आठवण निघायची. चाळीस वर्षं त्यांनी एका अरुंद गाळ्यात बसून लोकांचे हॉर्न वाजते केले, दिवे लागते केले. प्लगची वायर बोटांनी चाचपायची त्यांना सवय. कधीतरी सणसणीत झटका बसायचा आणि ते हात झटकत म्हणायचे, "आहे, करंट आहे!" तेव्हापासून हे नाव चिकटलं. बायको म्हणायची, "नशीब समजा, शेवटी कुणी काना लावला नाही. नाहीतर झालाच होतात करंटे."

घरात माणसं तीनच. काका, काकू आणि सूनबाई. मुलगा मालवाहू बोटीवर. वर्षातून दीड महिना घरी, बाकी फोनवर. सूनबाई घरात बसून कंटाळली आणि तिशी उलटल्यावर गाडी शिकली. काकांचीच गाडी, बावीस वर्षांची, रंग उडालेली, पण अजून अंगात दम असलेली. शिकली ती इतकी चांगली शिकली की टेकडीवरच्या इस्पितळातल्या चार सिस्टरांना रोज सकाळी वर सोडायचं आणि दुपारी खाली आणायचं काम तिने धरलं. बसने त्या बायांचा दीड तास मोडायचा, सूनबाई त्यांना पस्तीस मिनिटांत पोचवायची. तीन वर्षांत एकदाही उशीर नाही. काकांना या गोष्टीचा इतका अभिमान, की मुलाच्या बोटीबद्दल कुणी विचारलं तरी ते सुनेच्या गाडीवर येऊन थांबायचे.

एकदा सुट्टीच्या दिवशी एकटीच वर जाताना, चढाच्या मध्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. सूनबाईने लगेच गाडी बाजूला घेतली, तासभर थांबली, पाणी घातलं. निभावलं. पण घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, त्या लाल दिव्याचा काय उपयोग? पाणी उकळल्यावर तो सांगणार की पाणी उकळलं. चोर पळून गेल्यावर शिट्टी वाजवल्यासारखं. आधी कळायला हवं मला. काटा हवा, आकडे हवेत."

"मग बसवू की," काका म्हणाले. "बाहेरचा मीटर मिळतो. इंजिनात सेन्सर, डॅशबोर्डवर घड्याळ. अर्ध्या दिवसाचं काम."

"मिस्त्रींना सांगू का?"

"मिस्त्री कशाला? मी काय मेलोय?"

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन मीटर घेऊन आले. स्पेअर पार्टचा दुकानदार त्यांच्या ओळखीचा, गाळ्याच्या दिवसांपासूनचा. त्याने चार प्रकार दाखवले, काकांनी त्यातला गोल, काळ्या तबकडीचा, पांढऱ्या काट्याचा निवडला. खरं म्हणजे त्यांनी तो निवडला कारण त्याचे आकडे सगळ्यात मोठे होते. पण हे ते कुणाला बोलले नाहीत.

वर्षभरापासून काकांच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. आधी त्यांना वाटलं चष्म्याची काच खराब झालीय. मग वाटलं दिवाच मंद आहे. मग वाटायचं बंद झालं आणि लपवायला सुरुवात झाली. वर्तमानपत्र ते अजून रोज उघडायचे, मथळे वाचायचे, आणि बाकीचं "काही राम नाही आजकाल पेपरात" म्हणून घडी घालायचे.

रविवारी सकाळी अंगणातल्या पत्र्याखाली काम सुरू झालं. सूनबाई मदतीला. खोक्यातून मीटर, सेन्सर, वायरचं भेंडोळं आणि एक घडी घातलेला कागद निघाला.

"काय लिहिलंय वाचू का?" तिने विचारलं.

कागद त्यांनीच हातात घेतला. त्यावर मुंग्यांची रांग चालल्यासारखी बारीक अक्षरं. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून गंभीरपणे मान हलवली आणि खिशात टाकला. "यात काय वाचायचंय? आयुष्य गेलं यात. तू तो बारा नंबरचा पाना दे."

हात मात्र अजून तसेच होते. डॅशबोर्डच्या मागून वायर ओढताना, कुठे रबराचं बूच आहे, कुठे पत्र्याची धार आहे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मीटर त्यांनी स्टीअरिंगच्या डावीकडे बसवला, वायरला कुठे घासायला जागा राहू दिली नाही, एकेक जोड चिमट्याने दाबून त्यावर नळी चढवली. सूनबाई बघत राहिली. "बाबा, किती सुबक करता तुम्ही," ती म्हणाली, आणि काकांना दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

सेन्सर बसवायला इंजिनात जागा एकच. जिथे लाल दिवा पेटवणारं बटण बसवलेलं होतं तिथेच. त्यांनी ते जुनं बटण काढलं. "आता काटा आलाय, दिव्याचं काय काम?" म्हणून बाजूला ठेवलं. नवा सेन्सर पितळेचा, अंगठ्याएवढा. तो आटे धरून आत जायचा आणि तिथून पाणी गळता कामा नये. एरवी काकांनी आत डोकावून बघितलं असतं की बैठक साफ आहे ना, आटे झिजलेत का. त्यांनी डोकावलं. आत नुसता काळोख आणि त्यावर धुकं. बोट आत जाईना. मनात आलं, गळलं तर? चढावर पाणी गळलं तर पोरीचे हाल. घरात नळाला लावायची पांढरी टेप होती, ती त्यांनी मागवली आणि सेन्सरच्या आट्यांवर गुंडाळली. एक वेढा. दुसरा. मग खात्रीसाठी तिसरा. आणि चौथा.

गाडी सुरू केली. काटा हलला, चढला, आणि सत्तरच्या आसपास येऊन थांबला. पाण्याचा एक थेंब गळला नाही.

"सत्तर म्हणजे बरोबर?" सूनबाईने विचारलं.

काकांना तो आकडा जरा कमी वाटला. अशा गाड्या पंच्याऐंशी-नव्वदला चालतात. पण तिचा चेहरा इतका खुलला होता, की ते म्हणाले, "थंड डोक्याची गाडी आहे. माझ्यासारखी."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "थंड डोकं कुणाचं म्हणालात?" आणि तिघंही हसले.

दहा दिवस सगळं सुरळीत गेलं. सूनबाई रोज आल्यावर सांगायची, "आज चढावर पंच्याहत्तर. आज बहात्तर." अकराव्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन वाजला. मोठ्या सिस्टरांचा. चौघींतल्या त्या वयाने थोर, बोलणं मोजकं.

"काका, घाबरू नका. तिच्या हातावर गरम पाणी उडालंय. आम्ही वर आणलंय तिला. शुद्धीवर आहे, बोलतेय. तुम्ही या."

काकूंना चप्पल सापडेना. शेजाऱ्याने गाडी काढली, तेव्हा कुठे दोघं वर पोचले.

सूनबाई खाटेवर टेकून बसली होती. उजव्या हाताला मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पट्टी, मानेच्या एका बाजूला मलम. चेहरा पांढराफटक. काकू तिच्या पायाशी बसल्या आणि तिचं पाऊल चोळत राहिल्या, दुसरं काय करावं सुचेना.

झालं ते मोठ्या सिस्टरांनी सांगितलं. तिसऱ्या वळणावर गोडसर, जळका वास यायला लागला. सूनबाईने काट्याकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर. ती म्हणाली, इंजिन तापलेलं नाही, कुठेतरी पाणी गळतंय बहुतेक. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. पाच मिनिटं थांबली. काटा साठवर उतरला. मग जाड फडकं घेऊन तिने रेडिएटरचं झाकण फिरवलं, आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. तोंड तिने कसं वळवलं देव जाणे. चौघी सिस्टर बरोबर होत्या म्हणून बरं. गाडीसाठी ठेवलेला पाण्याचा कॅन त्यांनी तिथल्या तिथे तिच्या हातावर रिकामा केला, मग स्वतःच्या बाटल्या, मग रस्त्याने येणाऱ्या एका टेम्पोला हात केला.

"जखम खोल नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "डाग राहील थोडा. पण हात नीट होईल. महिना तरी लागेल."

सूनबाईने काकांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत दुखण्यापेक्षा गोंधळ जास्त होता. "बाबा, मी बघितलं होतं हो. काटा साठवर होता. बघितलं, मगच उघडलं."

काकांनी तिच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उगाच थोडा बाजूला सरकवला. डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली होती. पांढरी टेप.

दुपारी सूनबाईचा भाऊ आला. तोही ड्रायव्हर, शहरातल्या कंपन्यांच्या गाड्या चालवणारा, अंगाने आडदांड, डोक्याने तापट, पण बहिणीवर जीव टाकणारा. तिचा हात बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्यामागोमाग राग.

"काका, मीटर कुठून घेतला?"

"घेतला आपला... नेहमीच्या दुकानातून."

"त्या कोपऱ्यावरच्या? त्याच्या तर..."

"अरे थांब जरा," काका म्हणाले. "आधी बघू दे मला, काय झालंय ते."

"बघायचं काय राहिलंय? काटा साठ दाखवतो आणि आत पाणी उकळतंय. माणूस मेला असता म्हणजे बघितलं असतं का?"

काकांनी तोंड उघडलं. एवढंच वाक्य म्हणायचं होतं, की बाबा रे, सेन्सर मी बसवलाय, चूक माझीही असू शकते. ते जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. भाऊ तोवर जिना उतरूनही गेला होता.

संध्याकाळी कळलं की त्याने दुकानात भर गिऱ्हाइकांत दुकानदाराला फैलावर घेतलं. नकली माल विकतोस, लोकांच्या जिवावर उठलास, अजून बरंच काही. दुकानदार एक शब्द बोलला नाही म्हणे. नंतर भावाने ड्रायव्हर लोकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये बहिणीच्या पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, या दुकानातून कुणी काही घेऊ नका.

काकूंनी हे सगळं जेवताना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ते मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. गाडी ओढून तिथे आणली होती. मिस्त्री म्हणाला, पाण्याचा पंप गेला होता, हळूहळू गळत होता, पाणी संपत आलं आणि उरलेलं उकळलं. इंजिनाचं हेड वाचलंय नशिबाने. पंप तो बदलणार होता. "पण मीटरने दगा दिला बघा तुम्हाला," तो म्हणाला. "वेळेवर सांगितलं असतं, तर पोरीने झाकणाला हात लावला नसता."

"मीटर मी घरी नेतो," काका म्हणाले. "तपासतो जरा."

काकूंचा डोळा लागला होता अशा वेळी, दुपारी अडीचला, त्यांनी स्वयंपाकघरात एका पातेल्यात पाणी ठेवलं. ओट्यावर जुनी बॅटरी, मीटर, वायर. सेन्सरवर टेप तशीच होती. त्यांनी एक उघडी वायर सरळ सेन्सरच्या पितळी अंगाला चिमट्याने लावली, तिचं दुसरं टोक बॅटरीला, आणि सेन्सर पाण्यात सोडला. पाणी तापत गेलं. बुडबुडे आले. खळखळून उकळी फुटली. काटा हळूहळू चढत चढत शंभरवर आला आणि तिथे खिळ्यासारखा उभा राहिला.

मीटर खरा होता. अगदी तंतोतंत खरा.

मग त्यांनी सेन्सर पुसला आणि आट्यांवरून नख फिरवलं. मऊ, जाड, गुळगुळीत. पितळ हाताला लागतच नव्हतं. असल्या सेन्सरला एकच वायर असते. त्याची परतीची वाट म्हणजे त्याचे आटे. आट्यांचं पितळ इंजिनाच्या लोखंडाला टेकलं तरच करंट पुरा फिरतो. मध्ये टेप आली की तो अर्धामुर्धा फिरतो आणि काटा खरं त्यापेक्षा कमी दाखवतो. ही गोष्ट काकांनी गाळ्यात हाताखालच्या किती जणांना शिकवली असेल. एकाला तर त्यांनी यावरून कामावरून घरी पाठवलं होतं.

त्यांनी कपाटातून भिंग काढलं, त्या दिवशीच्या सदऱ्याच्या खिशातून तो कागद काढला आणि खिडकीशी जाऊन एकेक अक्षर लावत वाचायला लागले. सहावी ओळ होती. सेन्सरच्या आट्यांना टेप लावू नये.

"काय वाचताय?"

काकू दारात उभ्या होत्या. ओट्यावर उकळतं पातेलं, त्याच्याशेजारी बॅटरी. त्यांनी आधी गॅस बंद केला.

काकांनी कागद खाली ठेवला. "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "मीटर चांगला आहे. मी टेप लावली. मला दिसत नाही गं."

काकू खुर्ची ओढून बसल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"दिसत नाही ते. चहा कपाबाहेर ओतता तुम्ही. परवा माझ्याच बहिणीला 'कोण आपण' विचारलंत. मला वाटलं, आपण होऊन सांगतील. म्हटलं, पुरुषाच्या मानाला धक्का नको." त्यांनी कागदाची घडी घातली. "बोलले असते मी, तर त्या रविवारी तुम्हाला गाडीला हात लावू दिला असता का मी?"

"तू कशाला अंगावर घेतेस?"

"घेत नाहीये. आहे ते सांगतेय." त्या उठल्या. "तिला सांगा. आजच. मी नाही सांगणार तुमच्या वतीने."

सूनबाई त्याच सकाळी घरी आली होती. ती आतल्या खोलीत खाटेवर बसून डाव्या हाताने धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. एका हाताने घडी नीट पडत नव्हती, तरी ती चिकाटीने घालत होती. काका दारात उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. आणि आज आपल्या घरात खरं सांगायला त्यांना उंबरा ओलांडवेना.

"जरा बोलायचंय," ते म्हणाले.

"बसा ना बाबा."

ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेप, आटे, कागद, पातेलं, डोळे. काही गाळलं नाही. सांगताना ते तिच्या पट्टीकडे बघत होते, कारण चेहरा त्यांना त्या अंतरावरून नीट दिसत नव्हता.

सूनबाईने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"इस्पितळात माझ्या उशाशी बसला होतात," ती म्हणाली, "तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"शंका आली होती."

"शंका आली होती. आणि दादा तावातावाने गेला, तेव्हा?"

"तेव्हाही."

"तरी जाऊ दिलंत."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"चूक कुणाकडूनही होते, बाबा. माझा हात भाजला, तो भरून येईल. पण मी तुम्हाला विचारलं होतं, कागद वाचू का. मी समोर उभी होते. मला वाचता येतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि काकांना ते जास्त लागलं. "तुम्ही वाचल्याचं नाटक केलंत. आणि नंतर माझ्या फोटोवरून त्या माणसाची अब्रू गेली, ती तुम्ही घरात बसून ऐकलीत. त्या चौघीजणी माझ्या भरवशावर गाडीत बसतात. मी तुमच्या भरवशावर बसते. आता कुणी कुणाच्या भरवशावर बसायचं?"

ती उठली. "चला."

"कुठे?"

"दुकानात. मीपण येते. पायीच जाऊ, जवळच आहे."

"तुझा हात..."

"पाय भाजले नाहीत माझे."

वाटेत एका ठिकाणी पायरी होती, ती काकांना दिसली नाही, ते अडखळले. सूनबाईने डाव्या हाताने त्यांचा दंड धरला आणि दुकान येईपर्यंत सोडला नाही. पण त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार गल्ल्यामागे बसून फळीवरचे बल्ब पुसत होता. दोघांना बघून तो उठला. त्याची नजर आधी पट्टीकडे गेली.

"कसा आहे हात?" त्याने विचारलं.

काकांनी मीटर आणि सेन्सर दोन्ही काउंटरवर ठेवले. टेप त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती. "तुमच्या मालात खोट नव्हती," ते म्हणाले. "हे माझं काम आहे. बघा."

दुकानदाराने सेन्सर उचलला, टेपवरून बोट फिरवलं. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याने तो हळूच खाली ठेवला.

"तुमच्या सुनेचा भाऊ एवढा बोलला, आणि मी उलट शब्द काढला नाही," तो म्हणाला. "का, ठाऊक आहे? मला वाटलं, करंटकाकांनी बसवलाय म्हणजे बसवण्यात चूक असणं शक्यच नाही. म्हणजे मालच खराब निघाला. माझाच माझ्या मालावरचा विश्वास उडाला. त्या मीटरची पंधरा खोकी होती. सगळी परत पाठवून दिली काल. कंपनीला पत्र लिहिलं, की तुमच्या मालाने एक बाई भाजली."

काकांनी काउंटरची कड घट्ट धरली. त्यांना वाटलं होतं दुकानदार चिडेल, शिव्या घालेल. ते सोसायची त्यांनी तयारी केली होती. याची नव्हती.

"मी लिहितो कंपनीला," ते म्हणाले. "माझ्या नावाने."

"लिहा," दुकानदार म्हणाला. त्याने पुन्हा फडकं हातात घेतलं. "पाणी घेणार का, ताई? उन्हातून आलात."

सूनबाईने पाणी घेतलं. काकांना त्याने विचारलं नाही.

तिथूनच तिने भावाला फोन लावला. काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. "नाही, दादा. ते बाबांकडून झालं... हो, त्यांनीच सांगितलं... ते मी बघेन. तू आधी ग्रुपमध्ये लिही. आत्ता. माझा फोटो काढ आणि लिही की दुकानाची चूक नव्हती. आणि उद्या इथे येऊन माफी माग. तोंडावर बोललास ना? मग माफीही तोंडावर."

भाऊ दुसऱ्या दिवशी आला, दुकानात गेला, माफी मागून परतला. काकूंनी दिलेला चहा घेतला. काकांशी बोलला नाही. ग्रुपमधल्या किती जणांनी दुसरी ओळ वाचली आणि किती जणांच्या डोक्यात पहिलीच राहिली, हे कळायला मार्ग नव्हता. दुकानदाराकडची वर्दळ पुढे कित्येक दिवस पूर्वीसारखी झाली नाही, एवढं काकांना जाता-येता दिसायचं. जेवढं दिसायचं तेवढं.

कंपनीला लिहायचं पत्र काकांनी तोंडी सांगितलं आणि सूनबाईने डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. "टेप" या शब्दाशी ते दोनदा अडले. तिने मान वर न करता विचारलं, "चार वेढे लिहू?" ते म्हणाले, "लिही. चारच होते."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे काकू त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पार पिकलेला. "इतके दिवस गाडी-बिडी चालवत नव्हता ना?" डॉक्टरने सहज विचारलं. काका म्हणाले, "नाही. गाडीला नुसता हात लावत होतो." शस्त्रक्रियेची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

सूनबाईचा हात महिन्याभराने मोकळा झाला. कातडी गुलाबी, चकचकीत, बोटं जरा ताठरलेली. चौघींपैकी तीन सिस्टर वाट बघत थांबल्या होत्या. चौथीने मात्र बसचा पास काढला होता. ती गोड बोलली आणि घाईत फोन ठेवला.

गाडी मिस्त्रीकडून आली. दुकानातून परत आणलेला मीटर बसवायचा राहिला होता. काकूंनी सुचवलं, मिस्त्रीच बसवेल. सूनबाई म्हणाली, "नको. मी बसवते. बाबा सांगतील."

काकांना अंगणात स्टुलावर बसवलं. सूनबाईने आधी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. काकांनी मुकाट्याने ऐकला. मग ती बॉनेटखाली वाकली. सेन्सरवरची टेप तिने पिनेने खरवडून काढली होती, पितळ लखलखत होतं.

"आता आत बघ. बैठक साफ आहे का? कचरा, गंज?"

"थोडा गंज आहे."

"ब्रशने काढ. मग सेन्सर हाताने फिरव. पाना नको आत्ताच. सुरुवातीचे आटे हातानेच गेले पाहिजेत."

"गेले."

"आता पाना लाव. हळू."

"किती घट्ट करू?"

"कळेल हाताला."

ती थांबली. "माझ्या हाताला कळत नाही, बाबा. बोटं अजून बधिर आहेत. शब्दांत सांगा."

काका गोंधळले. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी शब्दांत मांडली नव्हती. त्यांनी स्वतःचा हात हवेत धरला, नसलेला पाना फिरवून बघितला, डोळे मिटले. "आधी तो सहज फिरेल," ते सावकाश म्हणाले. "मग एका ठिकाणी पाना जड होईल. तिथे थांब. तिथून फक्त पाव फेरा. घड्याळात बारा वाजले असतील तर तीनपर्यंत. त्याच्यापुढे नाही. गळलं तर अजून थोडा देऊ, पण आधीच नाही."

"जड झाला."

"आता पाव फेरा."

"दिला."

"टेस्ट लॅम्प घे. चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोक सेन्सरच्या षटकोनावर. अर्थिंग नीट झालं असेल तर दिवा लख्ख लागेल."

दिवा लागला. त्यांना तो दिसला नाही, म्हणून तिने सांगितलं, "लागला. लख्ख."

तिने वायर जोडली, पाणी भरलं, गाडी सुरू केली. काका स्टुलावरून उठले नाहीत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. इंजिन एका लयीत चालत होतं आणि सूनबाई सीटवर बसून आकडे सांगत होती. पन्नास. साठ. सत्तर. मागच्या वेळी काटा इथेच थांबला होता. पंच्याहत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी. मग बराच वेळ काही नाही.

"सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "थांबला."

"गळतंय का बघ."

ती उतरली, वाकून बघितलं, सेन्सरच्या भोवती कोरडा कागद टेकवून बघितला. "कोरडं आहे."

तिने गाडी बंद केली आणि बॉनेट लावलं. काकांना वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती हात पुसत आत गेली. जाताना स्टुलापाशी क्षणभर थांबली.

"सोमवारपासून सुरू करते," ती म्हणाली. "तेल-पाणी रोज सकाळी मीच बघेन. तुम्ही उठू नका."

"बरं," काका म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी अंगणातली अवजारं चाचपून एकेक गोळा केली, फडक्याने पुसली आणि पेटीत आपापल्या जागी लावून ठेवली.